बाळबोध प्रश्नांची वंशावळ



संगणकास आज्ञा देण्याची विद्या जेथें शिकवितात, अशा एखाद्या वर्गांत पहिल्या आठवड्यांत जाऊन मागच्या बांकावर बसावें. फळ्यावर 'क्ष = क्ष + १' असें लिहिलेलें असतें. शिक्षक पुढें जाणार, इतक्यांत एक हात वर होतो. "सर, हें कसें शक्य आहे? कोणतीहि संख्या स्वतःहून एकानें मोठी कशी असेल?" वर्गांत हंशा पिकतो. शिक्षक म्हणतात, "हें गणित नव्हे, पायथॉन आहे. आधीं पाठ करा, मग समजेल." हात खालीं जातो, आणि बहुधा त्या सत्रांत तो पुन्हां वर होत नाहीं.

हंसण्यासारखें त्या प्रश्नांत मला कांहींच दिसत नाहीं. ज्यानें शाळेंत समीकरणें मन लावून सोडविलीं, त्यालाच ही शंका यावयाची. पायथॉन ही नवशिक्यांस प्रथम शिकविल्या जाणाऱ्या संगणकभाषांपैकीं आज एक प्रमुख भाषा आहे. अ‍ॅम्स्टरडॅम येथील एका संशोधनसंस्थेंत काम करणारे गिडो व्हान रॉसम यांनीं १९८९ च्या नाताळच्या सुटींत ती रचण्यास आरंभ केला आणि १९९१ सालीं ती लोकांपुढें आली. तिच्या वर्गांत तेच पांचसात प्रश्न पुनःपुन्हां उठतात. त्यांचीं उत्तरें केवळ तर्कानें शोधूं गेल्यास सांपडत नाहींत. तीं इतिहासांत आहेत. कोणा एका माणसानें, कोणा एका वर्षीं, कांहीं कारणानें किंवा कारणावांचूनहि एक निवड केली, आणि ती आपल्या पदरीं पडली.

बरोबरीच्या चिन्हाचेंच पाहा. दोन समांतर रेघांचें हें चिन्ह रॉबर्ट रेकॉर्ड या वेल्सच्या वैद्य-गणितज्ञानें १५५७ सालच्या आपल्या ग्रंथांत योजिलें. समांतर रेघांच्या जोडीहून अधिक सारख्या अशा दोन वस्तु असूं शकत नाहींत, असें त्याचें कारण. नेमक्या चारशें वर्षांनीं, १९५७ सालीं, अमेरिकेंत आयबीएम कंपनींतील जॉन बॅकस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं फोर्ट्रान भाषा बाहेर आणली. तींत त्याच चिन्हाचा अर्थ झाला, 'उजवीकडचा हिशेब करा आणि उत्तर डावीकडच्या नांवाच्या कप्प्यांत ठेवा.' बरोबरी गेली, आज्ञा आली. पुढच्याच वर्षीं युरोप-अमेरिकेंतील विद्वानांनीं अल्गोल भाषा आंखतांना ही गल्लत टाळली आणि ठेवण्याच्या क्रियेस ':=' असें जोडचिन्ह दिलें. परंतु बेल प्रयोगशाळेंत केन टॉम्प्सन यांनीं 'बी' भाषा रचतांना पुन्हां एकेरी चिन्ह घेतलें. तेथून तें 'सी' भाषेंत गेलें आणि पुढें पायथॉनमध्यें आलें. 'सी'चे कर्ते डेनिस रिची यांनीं १९९३ सालीं आपल्या भाषेची हकीकत लिहिली. तींत हा बदल निव्वळ आवडीनिवडीचा म्हणून त्यांनीं नोंदविला आहे. तेव्हां त्या मुलास द्यावयाचें खरें उत्तर 'एका गृहस्थास तें चिन्ह पसंत पडलें' हें होय! अल्गोलचें तें जोडचिन्ह एका निराळ्या कामासाठीं पायथॉनमध्यें घ्यावें असें २०१८ सालीं ठरलें, तेव्हां एवढें वादळ उठलें कीं अंतिम निर्णय देण्याच्या आपल्या स्थानावरून रॉसम स्वतः दूर झाले.

दुसरा प्रश्न मोजणीचा. यादींतील पहिल्या वस्तूस पायथॉन 'शून्य' हा क्रमांक देतो. मुलें गोंधळतात, पण मुंबईच्या चाळींत वाढलेल्या माणसानें गोंधळूं नये. तेथें तळमजला मोजणींत धरीत नाहींत. एक जिना चढल्यावर जो येतो तो पहिला मजला. यंत्रालाहि किती जिने चढावयाचे तेवढेंच विचारावयाचें असतें. म्हणजे यादीच्या आरंभापासून किती घरें पुढें जावयाचें. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्‌स यांच्या १९६७ सालच्या भाषेंत ही रीत होती, आणि डच पंडित डायक्स्ट्रा यांनीं ११ ऑगस्ट १९८२ रोजीं एक हस्तलिखित टिपण काढून तिचें मंडन केलें.

आतांपर्यंतच्या प्रश्नांत मुलांस शरण जावें लागलें. पण एका प्रश्नांत मुलें जिंकलीं. पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांत सातास दोननें भागलें तर उत्तर तीन येई. अर्धा गुपचूप गळून पडे. सात माणसांच्या दोन तुकड्या पाडावयाच्या असतील तर तें ठीक. परंतु सात रुपये दोघांत वांटावयाचे असतील तर एकाचें नुकसान. हाहि 'सी'कडून आलेला वारसा. व्हर्जिनिया विद्यापीठांत सुरू होऊन पुढें कार्नेगी मेलन विद्यापीठांत गेलेल्या 'अ‍ॅलिस' या प्रकल्पांत, ज्यांनीं कधीं प्रोग्रॅम लिहिला नव्हता अशा विद्यार्थ्यांकडून पडद्यावरचीं चित्रें हलविण्याचें काम पायथॉनमध्यें करवून घेत. 'एक भागिले दोन' एवढें अंतर पुढें जा असें सांगावें, तर त्याचें शून्य व्हावें आणि चित्र जागच्या जागीं राहावें! प्रकल्पाच्या चालकांनीं विद्यार्थ्यांस दोष न देतां आपल्याजवळची भाषाच बदलून घेतली. २००१ सालीं रॉसम यांनीं नव्या भागाकाराचा प्रस्ताव मांडला, तेव्हां जाणत्यांकडून विरोध झाला. कारण जगभर लिहून ठेवलेलें काम मोडणार होतें. तरी ३ डिसेंबर २००८ रोजीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तींत सातास दोननें भागल्यावर साडेतीन येऊं लागले. जुनी शाखा १ जानेवारी २०२० पर्यंत चालवावी लागली. अडाण्यासारख्या भासणाऱ्या प्रश्नाची ही किंमत!

जो प्रश्न ऐकून नवशिक्याचा यंत्रावरील विश्वास उडतो, तो असा. शून्य दशांश एक आणि शून्य दशांश दोन यांची बेरीज पायथॉनला विचारा. तो सांगतो, ०.३०००००००००००००००४. एवढें महाग यंत्र, आणि त्याला पहिलीतल्या मुलाइतकीहि बेरीज येऊं नये? येथें मला आपल्या जुन्या नाण्यांची आठवण होते. १ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं येईपर्यंत रुपयाचे सोळा आणे, आण्याच्या बारा पै. अर्धा रुपया, पाव रुपया, दोन आणे हें सारें चोख. पावकी, निमकी, पाउणकी घोकलेली आजीबाई हे हिशेब बोटावर करी. पण तिला रुपयाचा दहावा हिस्सा मागा, म्हणजे तिची पंचाईत. एक आणा सात पै दिल्यावरहि पैचा एक पंचमांश उरतो आणि त्याचें नाणें नाहीं. संगणकाची टांकसाळ याहून कडक. त्याच्याजवळ अर्धा, त्याचा अर्धा, त्याचाहि अर्धा अशींच नाणीं आहेत. त्यांनीं पाव आणि पाऊण बिनचूक होतात. दशांश कितीहि नाणीं जोडलीं तरी पुरा होत नाहीं. कोठें तरी थांबावें लागतें, आणि तेथें राहिलेला कण बेरजेंत डोकावतो. कोणत्या जागीं व कसें थांबावें याचा करार विल्यम कहान यांच्या पुढाकारानें १९८५ सालीं ठरला आणि आज बहुतेक सर्व यंत्रें तो पाळतात. म्हणून 'पायथॉनला बेरीज येत नाहीं' म्हणणाऱ्या मुलास गप्प बसवूं नये. त्याच्यापुढें एक रुपया ठेवावा आणि त्याचे आण्यापैंत दहा सारखे वांटे करण्यास सांगावें.

सर्वांत मनोरंजक कथा एका विरामचिन्हाची आहे. पायथॉनमध्यें 'इतक्या वेळां पुढील काम करा' अशी ओळ लिहिली कीं तिच्या शेवटीं अपूर्णविराम, म्हणजे एकाखालीं एक अशीं दोन टिंबें, द्यावीं लागतात आणि खालच्या ओळी जराशा आंत सरकवाव्या लागतात. ओळी आंत सरकविल्यावर वर टिंबें कशाला, असें मुलें विचारतात. हीं दोन्हीं लक्षणें ए-बी-सी नांवाच्या भाषेकडून आलीं. ती अ‍ॅम्स्टरडॅमलाच लॅंबर्ट मेर्टेन्स प्रभृतींनीं खास नवशिक्यांसाठीं घडविली होती, आणि रॉसम यांनीं उमेदवारी तिच्यावरच केली. त्या भाषेचा सांगाडा ठरविण्यासाठीं १९७८ सालीं पोलंडमधील जाब्वोन्ना गांवच्या एका वाड्यांत मेर्टेन्स, रॉबर्ट ड्यूआर, पीटर किंग आणि जॅक श्वार्ट्‌झ बसले होते. आंकडे क्रमानें लावण्याचें एकच काम निरनिराळ्या पद्धतींनीं लिहून पाहिलें, पण एकमत होईना. शेवटीं ड्यूआर यांच्या पत्नीस खोलींतून बोलावून आणलें. पहिला मासला समजावून दिल्यावर त्यांनीं विचारलें कीं, या ओळींतला हुकूम केवळ या ओळीपुरता नसून खालच्या ओळींनाहि लागू आहे काय? चौघे पंडित एकमेकांकडे पाहत राहिले असतील! ओळीच्या शेवटीं अपूर्णविराम असता तर हा गैरसमज झाला नसता, हें त्यांच्या तेव्हां ध्यानांत आलें. तीं दोन टिंबें अशा रीतीनें त्या भाषेंत आलीं आणि तिच्यावाटे पायथॉनमध्यें.

नवशिक्यांकडून तीं वरचेवर राहून जातात. पूर्वीं यंत्र त्यावर 'वाक्यरचना चुकीची' एवढेंच म्हणे आणि मूल तासभर चूक शोधीत बसे. ऑक्टोबर २०२१ मध्यें निघालेल्या आवृत्तीपासून तें स्पष्ट सांगूं लागलें आहे कीं, येथें अपूर्णविराम अपेक्षित होता.