जळता माणूस आणि उडते डुक्कर

1948 मध्ये कोलंबिया कंपनीने लाँग-प्लेइंग रेकॉर्ड बाजारात आणली, तेव्हा बारा इंची तबकडीसोबत फूटभर लांबी-रुंदीचे पाकीटही आले. रेकॉर्डच्या साध्या वेष्टनांवर चित्रे छापण्याची सुरुवात त्याच कंपनीच्या अ‍ॅलेक्स स्टाइनवाइस याने आठ-एक वर्षे आधी केली होती. तरीही पुढची बरीच वर्षे गाणाऱ्याचा हसरा चेहरा आणि ठळक नाव एवढ्यावरच बहुतेक कंपन्यांचे भागत असे.

हे चित्र बदलण्यात लंडनच्या ‘हिप्नॉसिस’चा वाटा मोठा आहे. स्टॉर्म थॉर्गरसन आणि ऑब्री पॉवेल यांनी 1968 मध्ये रेकॉर्डची मुखपृष्ठे करणारी ही संस्था काढली. पिंक फ्लॉइड या बँडच्या काही वादकांशी थॉर्गरसनची केंब्रिजपासूनची ओळख होती; पहिले काम त्यांच्याकडूनच मिळाले. रेने माग्रितची चित्रे या दोघांना जवळची होती. नेहमीच्या वस्तू नको त्या जागी ठेवायच्या आणि पाहणाऱ्याला कोड्यात टाकायचे, ही माग्रितची रीत त्यांनी कॅमेऱ्याने चालवली. ‘अ‍ॅटम हार्ट मदर’वर (1970) तर कुरणात उभी एक गाय आहे, बस्स! पिंक फ्लॉइडचे नाव नाही, अल्बमचे नाव नाही. द नाइस या बँडच्या ‘एलेजी’साठी (1971) सहाराच्या वाळूत लाल चेंडूंची रांग मांडली.

त्या काळी फोटो जोडायला संगणक नव्हता. फोटो कात्रीने कापायचे, चिकटवायचे, सांधे ब्रशने बुजवायचे आणि सगळ्याचा पुन्हा फोटो काढायचा, अशी पद्धत होती. लेड झेपेलिनच्या ‘हाउसेस ऑफ द होली’चे (1973) काम असेच झाले. उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेवर दिवसचे दिवस पाऊस हटेना. शेवटी दोनच मुलांचे कृष्णधवल फोटो जोडून मुलांचा घोळका उभा केला आणि तो हाताने रंगवला.

पण या मंडळींचा खरा हट्ट होता, जमेल तेवढे प्रत्यक्ष घडवण्याचा. पिंक फ्लॉइडच्या ‘विश यू वेअर हिअर’च्या (1975) मुखपृष्ठावर सुटाबुटातले दोन गृहस्थ हस्तांदोलन करतात आणि त्यातला एक पेटलेला आहे. व्यवहारात हात पोळणे आपल्याकडेही म्हणतात. तिथल्या संगीत-धंद्यातही फसलेला माणूस ‘भाजला’ असेच बोलले जाई. कॅलिफोर्नियातल्या वॉर्नर ब्रदर्सच्या स्टुडिओ-आवारात रॉनी रॉन्डेल या स्टंटमनला सुटाखाली अग्निरोधक कपडे घालून खरोखर पेटवले. वारा उलटा फिरला, ज्वाळा तोंडावर आल्या आणि त्याची मिशी भाजली. मग दोघांनी जागा बदलल्या आणि छापताना फोटो उलटवला. एवढ्या खटाटोपाचे चित्र दुकानात मात्र काळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवले गेले!

‘अ‍ॅनिमल्स’ची (1977) कल्पना पिंक फ्लॉइडच्याच रॉजर वॉटर्सची. डिसेंबर 1976 मध्ये लंडनच्या बॅटरसी वीजघराच्या धुराड्यांमध्ये सुमारे 40 फुटी, हवा भरलेले डुक्कर तरंगत ठेवले. दोर तुटला, डुक्कर हीथ्रोच्या विमानमार्गात शिरले आणि केंटमधल्या एका शेतात उतरले. गंमत अशी, की अखेरच्या मुखपृष्ठावर आकाश एका दिवसाचे आणि डुक्कर दुसऱ्या दिवसाचे आहे. कात्री शेवटी लागलीच.

सगळेच या वाटेने गेले नाहीत. येस या बँडसाठी रॉजर डीनने तरंगती बेटे आणि अधांतरी खडक रंगवले. ती जगे कुंचल्यातच शक्य होती. हिप्नॉसिसचे सर्वांत गाजलेले चित्र, पिंक फ्लॉइडच्या ‘द डार्क साइड ऑफ द मून’चा (1973) लोलक, हाही फोटो नव्हे. तो जॉर्ज हार्डीने रेखाटला, आणि त्यातल्या पट्ट्यात रंग सहाच आहेत.

हिप्नॉसिस 1983 मध्ये बंद झाली. आदल्याच वर्षी सीडी बाजारात आली होती. थॉर्गरसनचा हट्ट मात्र सुटला नाही. पिंक फ्लॉइडच्या ‘अ मोमेंटरी लॅप्स ऑफ रीझन’साठी (1987) त्याने डेव्हनच्या समुद्रकिनारी सुमारे 700 लोखंडी खाटा मांडल्या, पाऊस आला म्हणून उचलल्या आणि नंतर पुन्हा मांडल्या. सीडीच्या बारा सेंटिमीटरच्या चौकोनात त्यातल्या मागच्या खाटा नुसत्या ठिपक्यांसारख्या दिसतात.