अबीर, गुलाल आणि आबालाल

चैत्र पौर्णिमेला वाडी रत्नागिरीचा जोतिबाचा डोंगर गुलालाने न्हाऊन निघतो. यात्रेहून परतणाऱ्या माणसांचे सदरे, फेटे, भुवया, एस.टी.च्या खिडक्या, सारे गुलाबी होऊन कोल्हापुरात उतरते. आषाढीला निघालेल्या वारकऱ्याच्या कपाळावर अबीर-बुक्का असतो. यातला 'अबीर' अरबीतून आला आहे. तिथे सुगंधी द्रव्यांच्या मिश्रणाला अबीर म्हणतात. 'गुलाल' फारसी वळणाचा. गुलाबी, बदामी, अस्मानी, फिरोजी, खाकी हे फारसीतून आलेले. किरमिजीचे मूळ अरबी. 'रंग' हा शब्द तर संस्कृतातही आहे आणि फारसीतही, त्यामुळे त्याच्या मालकीचा वाद घालण्यात अर्थ नाही. मराठी माणूस रंगाचे नाव घेतो तेव्हा निम्म्या वेळी तो आपल्याच घरातला शब्द उच्चारत असतो.

असे असूनही 'रंगबिंग आपल्यात नसतात' हे वाक्य मी आपल्याच घरांतून अनेकदा ऐकले आहे. उर्दू शाळेत शिकवते, त्यामुळे जरा जास्तच ऐकते. चित्रकलेचा तास म्हणजे गणिताचा राहिलेला भाग उरकण्याची सोय, अशी समजूत पालकांची असते, आणि खरे सांगायचे तर पुष्कळ शिक्षकांचीही असते. एका पालकाने मला अदबीने विचारले होते, "मॅडम, तस्वीर काढणं जाइज आहे का?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही प्रामाणिकपणे द्यायला हवे. सजीवांच्या चित्राबद्दल उलेमांमध्ये मतभेद आहेत, छायाचित्राबद्दल तर अधिकच, आणि ते मिटवण्याचा अधिकार माझा नाही. परंतु चित्रे काढून पोट भरणाऱ्या एका माणसाला हजरत इब्ने अब्बास यांनी झाडे आणि निर्जीव वस्तू रंगवण्याची वाट दाखवली, ही रिवायत सहीह बुखारीत आहे. सूरह फातिरमध्ये निरनिराळ्या रंगांची फळे आणि पांढऱ्या, तांबड्या, काळ्याभोर पट्ट्यांचे डोंगर यांच्याकडे लक्ष वेधले आहे. सूरह रूममध्ये माणसांच्या भाषा आणि रंग वेगवेगळे असणे ही अल्लाहची निशाणी म्हटली आहे. सूरह बकरहमध्ये ज्या पिवळ्या गाईची हकीकत येते, तिचा रंग पाहणाऱ्याला सुखावणारा होता असा उल्लेख आहे. रंगाने माणूस आनंदतो, ही गोष्ट तिथे सहज मान्य केलेली आहे.

एकदा सहावीच्या वर्गात मी मुलांना माहीत असतील तेवढ्या रंगांची नावे लिहायला सांगितली. बहुतेकांनी रेड, ब्लू, पिंक, यल्लो अशी यादी उर्दू लिपीत उतरवली. धानी, प्याजी, सुरमई, उन्नाबी, कासनी, फालसई, मोतिया यांतला एकही शब्द आला नाही. शेजारच्या मराठी शाळेतही फार वेगळे घडले नसते. तिथली मुले तरी अबोली, डाळिंबी, मोरपंखी, चिंतामणी कुठे म्हणतात? पण इतरांचेही हरवले आहे म्हणून आपले हरवण्याचे दुःख कमी होत नाही. ही नावे कोशकारांनी बसवलेली नव्हती. रंगरेजाने ओढणी वाळत घालताना, मणियाराने बांगडी मनगटावर चढवताना, बाईने दुकानात 'हा नव्हे, तो जरा फिका' असे सांगताना ती घडली. प्याजी म्हणजे कांद्याच्या पातीचा हिरवा नव्हे, कांद्याच्या सालीचा गुलाबी, एवढे बारीक पाहणारी नजर त्या शब्दामागे होती.

कोल्हापूरला कलापूर म्हणतात ते काही उगाच नाही. या कलापुराच्या आरंभाशी जो माणूस उभा आहे, त्याचे नाव आबालाल रहिमान. जन्म एकोणिसाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. कोणी 1856 देतात, कोणी 1860. घराण्यात कुराणशरीफच्या हस्तलिखित प्रती तयार करण्याची आणि त्या सजवण्याची परंपरा होती, असे त्यांच्याविषयी लिहिणारे नोंदवतात. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. खत्ताती करणाऱ्या घरात मूल वाढते तेव्हा आधी ते शाई शिकते. ती किती पातळ करावी, बोरूचा कत कसा धरावा, सोनेरी पट्टी हाशियावर कुठे थांबवावी, निळ्याशेजारी तांबडा बसवला की अक्षर कसे उठून दिसते, हे सारे त्याच्या अंगवळणी पडते. नक्षीच्या कामात घाई चालत नाही आणि चूकही खपत नाही. या शिस्तीतून आलेला हा मुलगा मुंबईला सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेला आणि तिथे तैलरंग, जलरंग, यथार्थदर्शन हा पाश्चात्त्य वळणाचा अभ्यास त्याने केला. मुंबईत राहिले असते तर नाव आणि पैसा दोन्ही मिळाले असते. ते कोल्हापुरात परतले.

राजर्षी शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. महाराजांनी 1906 मध्ये मुस्लिम बोर्डिंग सुरू केले, हे आपल्या सभा-संमेलनांत दरवर्षी सांगितले जाते, आणि सांगितलेही पाहिजे. पण त्याच दरबारात अल्लादिया खाँसाहेबांचे गाणे आणि आबालालांचा कुंचला होता, याचा उच्चार आपण ओझरता करतो. शिक्षणाचे उपकार आपल्याला उमगतात. सौंदर्याचे उमगायला वेळ लागतो.

दरबाराच्या कामात व्यक्तिचित्रे होती, शिकारीची दृश्ये होती. आबालालांचा जीव मात्र रमला पाण्याकाठी. रंकाळा, कोटीतीर्थ, पंचगंगेचा घाट. रंकाळ्यातला संध्यामठ ज्याने पाहिला आहे, त्याला हे वेगळे सांगायला नको. पाणी भरलेले असताना ती दगडी वास्तू निम्मी बुडते, पाणी ओसरले की पुन्हा उभी राहते. संध्याकाळी त्या काळ्या दगडावर जो प्रकाश पडतो त्याला एक नाव देता येत नाही. आधी तो केशरी असतो, मग प्याजी होतो, मग पाण्याकडून सुरमई चढत जातो. आबालालांनी हा प्रकाश रंगवला. त्यांच्या निसर्गचित्रांत सावली नुसती काळी नसते, तिच्यात निळा असतो, जांभळा असतो. आणि झाडाच्या हिरव्यात जवळ जाऊन पाहिले तर पिवळे-तांबूस ठिपके सापडतात. पॅरिसमध्ये 1874 साली ज्या चित्रकारांचे पहिले प्रदर्शन भरले आणि ज्यांना पुढे दृक्प्रत्ययवादी म्हटले गेले, त्यांच्याशी आबालालांची तुलना समीक्षक करतात. तुलना चुकीची नाही, पण ती वाचताना मला नेहमी वाटते की त्यांना पॅरिसचे प्रशस्तिपत्र कशाला हवे? एकाच तळ्याकाठी वर्षानुवर्षे बसून पाहणाऱ्याला उजेड आपणहून तेच शिकवतो, मग ते तळे फ्रान्समधले असो की कोल्हापुरातले.

त्यांचे राहणे फकिरी वृत्तीचे होते. 1922 च्या मे महिन्यात शाहू महाराज गेले. त्या धक्क्याने विषण्ण होऊन आबालालांनी आपली कितीतरी चित्रे पाण्यात सोडून दिली, असे कोल्हापुरात पिढ्यान्पिढ्या सांगितले जाते. ती आख्यायिका असेल, पण त्यांच्या अफाट कामातले थोडेच आज उरले आहे, ही आख्यायिका नव्हे. 1931 मध्ये ते वारले. टाउन हॉलच्या संग्रहालयात त्यांची चित्रे आहेत. कोल्हापुरात जन्मलेल्या आपल्या किती मुलांनी ती पाहिली आहेत, हा प्रश्न मी वाचकांना विचारते. त्यांना अडवले कोणी? निसर्गचित्रात ना कोणाची मूर्ती, ना कोणाचा चेहरा. जो आक्षेप आपण पुढे करतो, तोही तिथे लागू पडत नाही.

रंगाचा हा वारसा कोल्हापुरात कुंचल्यावरून कॅमेऱ्याकडे गेला. बाबूराव पेंटर मुळात चित्रकार. नाटकांचे पडदे रंगवणाऱ्या या माणसाने महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, 1920 मध्ये 'सैरंध्री' हा मूकपट आणला आणि लोकमान्य टिळकांकडून 'सिनेमा केसरी' ही पदवी मिळवली. त्यांच्या हाताखाली जे तयार झाले त्यांत कागलचे शेख फत्तेलाल होते. सारी चित्रसृष्टी त्यांना साहेबमामा म्हणे. नेपथ्य त्यांनी केले, कॅमेराही हाताळला. 1929 मध्ये कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी निघाली. शांताराम, दामले, धायबर आणि सीतारामपंत कुलकर्णी यांच्याबरोबर साहेबमामा तिचे एक मालक होते आणि कलादिग्दर्शनाची बाजू त्यांची होती.

कृष्णधवल चित्रपटात रंगाचा काय संबंध, असे कोणी विचारील. मीही असेच समजत होते. वाचू लागल्यावर कळले की तिथेच तो सर्वांत अवघड होता. त्या काळची फिल्म ऑर्थोक्रोमॅटिक असे. तिला निळा आणि हिरवा प्रकाश दिसे, तांबडा दिसत नसे. परिणाम असा की लाल लुगडे पडद्यावर काळे होई, कुंकू काजळासारखे उमटे, आणि निळे आकाश कोऱ्या कागदासारखे पांढरे पडे. जोतिबाच्या यात्रेचे चित्रण या फिल्मवर केले असते तर सगळा डोंगर काजळीने माखलेला दिसला असता. 1920 च्या दशकाच्या अखेरीस सर्व रंग टिपणारी पॅनक्रोमॅटिक फिल्म रुळेपर्यंत हीच अवस्था होती. तोवर नटीला कोणत्या रंगाचे वस्त्र द्यायचे, भिंत कशाने रंगवायची, ओठांना काय लावायचे, हे सारे ती गोष्ट करड्याच्या कोणत्या छटेत उतरेल याचा हिशेब मनात करून ठरवावे लागे. ज्याला रंग मुळापासून कळतो त्यालाच रंगावाचून काम करता येते. म्हणून तर चित्रपटाच्या आरंभी कोल्हापुरात इतके चित्रकार लागले.

प्रभातने खरा रंगही आणून पाहिला. 1933 च्या बोलक्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रती काढण्यासाठी शांताराम जर्मनीला गेले. पडद्यावर रंग भडक उमटले, चित्रपट पडला आणि प्रभात पुन्हा कृष्णधवलकडे वळली. पण भारतातला रंगीत चित्रपटाचा पहिला मोठा प्रयत्न म्हणून त्याचे नाव राहिले. पुढे कंपनी पुण्याला गेली. तिथे 1936 मध्ये दामले आणि फत्तेलाल या जोडीने 'संत तुकाराम' दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवात 1937 साली तो जगातील तीन उत्कृष्ट चित्रपटांत निवडला गेला. तुकोबांचे देहू, इंद्रायणीचा काठ, कपाळीचा बुक्का, जिजाईचे फाटके लुगडे. हे सारे पडद्यावर साकारणाऱ्या दोघांतला एक कागलचा मुसलमान होता. आपल्या आणि त्यांच्या अशा रंगांच्या वाटण्या करणाऱ्यांनी हा चित्रपट एकदा तरी पाहावा.

फोटो स्टुडिओत मात्र रंग परत येण्याची एक गंमतीची वाट होती. कृष्णधवल छायाचित्र हाताने रंगवून मिळे. गिऱ्हाईक सांगे, कारागीर फोटोच्या मागे पेन्सिलीने टिपून ठेवी: साडी हिरवी, काठ जांभळा, बांगड्या हिरव्या. माझ्या आजीचा असा एक फोटो घरी आहे. ती त्यात नऊवारी नेसली आहे. त्या पिढीत आमच्या भागातल्या पुष्कळ मुस्लिम बायका नऊवारीच नेसत. डोक्यावर पदर, गळ्यात काळ्या पोतीचा लच्छा, हात भरून चुडा. कारागिराने ओठ जरा जास्तच गुलाबी केले आहेत. आजी म्हणायची, साडी धानी होती, यानं पोपटी करून टाकली. पन्नास वर्षांनंतरही तिची ही तक्रार संपली नव्हती.

आज काळा बुरखा अधिक दिसतो. ज्याची त्याची निवड आहे, त्यावर मी बोलणार नाही. एवढे मात्र पाहते, की लग्नघरात बुरखे खुंटीवर गेले की आत हळदीचा पिवळा, मेंदीचा तांबूस, चुड्याचा हिरवा, ओढण्यांचे नाना रंग तसेच्या तसे असतात. रंगाची हौस गेलेली नाही. गेली ती त्याला नाव देण्याची सवय, आणि हौसेतून हुनर घडवण्याची हिंमत. चित्रकलेच्या शासकीय ग्रेड परीक्षांना, एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटला, बसायला तयार असलेली मुले माझ्या वर्गात आहेत. मुली तर अधिक आहेत. मेंदीचे कोन धरणारा त्यांचा हात असा स्थिर असतो की कोणत्याही नक्काशाने पाहत राहावे. त्यांना फक्त कोणीतरी सांगायला हवे की ही वाट पूर्वी आपल्यातल्या एका घरातून, कुराणाच्या हाशियावरून, थेट रंकाळ्याच्या पाण्यापर्यंत गेली होती.

उन्हाळ्यात पाणी उतरले की वर्गाला संध्यामठ दाखवायला न्यायचे ठरले आहे. त्याआधी टाउन हॉल. जे रंग दिसतील ते कागदावर उतरवायचे आणि प्रत्येकाखाली त्याचे नाव लिहायचे, उर्दूत आणि मराठीत. इंग्रजी नाव चालणार नाही, असे सांगितल्यावर मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, दगडाच्या रंगाला काय म्हणायचं?" मी म्हटले, कोणत्या वेळच्या?