सैनिक, चित्रकार आणि मास्तर: जे.जे.चे कॅप्टन सॉलोमन आणि त्यांचं गुलबर्ग्याशी नातं

नौबाद (जि. बीदर) : मुंबईच्या जुन्या चित्रकारांबद्दल वाचायला घेतलं की 'कॅप्टन सॉलोमन' हे नाव हमखास येतं. सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टचा हा इंग्रज साहेब. पण नावाआधी कॅप्टन कशाला, असा प्रश्न पडतो. उत्तर साधं आहे. पहिल्या महायुद्धात ते ब्रिटिश सैन्यात वेल्श रेजिमेंटमध्ये होते. युद्ध संपलं, हुद्दा मात्र नावाला कायमचा चिकटला. गुलबर्ग्याचे सुप्रसिद्ध चित्रकार एस. एम. पंडित यांच्या शिक्षणाचा धागाही याच माणसापर्यंत जातो, त्यामुळे आपल्या भागातल्या वाचकांना त्यांची ओळख असायला हवी.

विल्यम एवर्ट ग्लॅडस्टन सॉलोमन यांचा जन्म १८८० चा, दक्षिण आफ्रिकेतल्या केपटाऊनजवळचा. इंग्लंडचे पंतप्रधान ग्लॅडस्टन यांच्यावरून पोराचं नाव ठेवलेलं. वडील सॉल सॉलोमन हे केप वसाहतीतले वजनदार राजकारणी आणि वृत्तपत्राचे मालक. काळ्या लोकांचा मताधिकार टिकावा म्हणून भांडणारे. ते १८९२ मध्ये वारले. आई जॉर्जियाना तर त्याहून कडक. स्त्रियांना मत मिळावं म्हणून लंडनमध्ये चाललेल्या आंदोलनात त्यांनी सरकारी कचेरीच्या काचा फोडल्या आणि १९१२ मध्ये तुरुंगवास भोगला. बहीण डेझी हिने १९०९ मध्ये स्वतःलाच टपालाचं 'पत्र' म्हणून पंतप्रधानांच्या घरी पाठवून घेतलं होतं! अशा घरातला मुलगा पुढे वसाहतीच्या सरकारचा अधिकारी झाला, ही गंमतच म्हणायची.

सॉलोमन लंडनच्या रॉयल अकादमीच्या शाळेत शिकले. युद्धानंतर, सेसिल बर्न्स निवृत्त झाल्यावर, ते जे.जे.चे प्रमुख झाले. १९१९ ते १९३६ अशी सतरा वर्षं ते तिथे होते.

ते आले तेव्हा जे.जे.त काय चालायचं? जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून १८५७ मध्ये सुरू झालेल्या या शाळेत मुलं तासन्‌तास प्लॅस्टरचे ग्रीक पुतळे उतरवत बसायची. हात सफाईदार व्हायचा, पण अंगातलं रक्त कुठे दिसायचं नाही. सॉलोमन यांनी १९१९ मध्येच जिवंत मॉडेल समोर बसवून, नग्न देहाचाही अभ्यास करण्याचा वर्ग सुरू केला. त्या काळच्या मुंबईत हे सोपं नव्हतं. लगेच, १९२० मध्ये, भित्तिचित्रांचा वेगळा वर्ग आला. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांचा त्याला पाठिंबा होता आणि निवडक विद्यार्थ्यांना शिष्यवृत्तीही मिळायची. देहाचा अभ्यास पाश्चात्त्य पद्धतीने करायचा आणि विषय, सजावट मात्र भारतीय ठेवायची, असं त्यांचं गणित होतं.

बंगालच्या चित्रकारांना आणि त्यांच्या समर्थकांना हे अजिबात मान्य नव्हतं. मॉडेल बसवून काढलेलं चित्र भारतीय कसं, असा त्यांचा सवाल. सॉलोमन यांनी त्यावर अजिंठा पुढे केला. तिथल्या स्त्रिया ज्यांनी रंगवल्या, त्यांनी माणसाचं शरीर नीट पाहिलेलं होतं, असं ते सांगत. १९२३ मध्ये त्यांनी अजिंठ्यातल्या स्त्री-चित्रांवर पुस्तकही काढलं. अजिंठा त्या वेळी निजामाच्या राज्यात होता, म्हणजे बीदर-गुलबर्गा ज्या राज्यात होते त्याच. गुलाम याझदानी यांचं पुरातत्त्व खातं लेण्यांची देखभाल करत होतं. याच याझदानींनी पुढे बीदरच्या इमारतींवर मोठा ग्रंथ लिहिला (१९४७).

खरं सांगायचं तर भिंत रंगवणं ही आपल्याला नवी गोष्ट नव्हती. नौबादहून थोड्याच अंतरावर अष्टूरला, १४३६ मध्ये वारलेल्या अहमदशहा वलीच्या कबरीत, घुमटाच्या आतून सोनेरी-शेंदरी रंगकाम आजही दिसतं. मुंबईच्या साहेबाला मात्र ते पुन्हा वर्ग काढून शिकवावं लागलं.

या वर्गाची मोठी कामं दोन. १९२४ मध्ये लंडनजवळ वेम्ब्लीला साम्राज्याचं प्रदर्शन भरलं, तिथे मुंबईच्या विद्यार्थ्यांनी सजवलेलं एक अख्खं दालन गेलं. मग नवी दिल्ली उभी राहत असताना सचिवालयाच्या नॉर्थ ब्लॉकमधली समितीची खोली जे.जे.च्या मुलांनी १९२८-२९ च्या सुमारास चितारली. राजधानीतल्या इमारती भारतीय चित्रकारांनीच सजवाव्यात, यासाठी समीक्षक कन्हैयालाल वकील यांनी वर्तमानपत्रातून मोहीम चालवली होती.

सॉलोमन यांचं कौतुक करताना एक गोष्ट झाकून चालणार नाही. रंगवणारे हात विद्यार्थ्यांचे होते, पण नाव जास्त गाजलं ते साहेबाचं. भारतीय कलेला वाट दाखवायला आपण आलो आहोत, असा सूर त्यांच्या लिखाणात जागोजागी लागतो. कोल्हापूरचे एम. व्ही. धुरंधर यांचंच बघा. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून ते तिथे शिकवत होते, तरी शाळेची सूत्रं त्यांच्याकडे आली ती १९३० मध्ये, तीही थोड्याच काळापुरती. १९३१ ला ते निवृत्त झाले. आपल्या त्या सगळ्या नोकरीचा हिशेब त्यांनी पुढे 'कलामंदिरातील एक्केचाळीस वर्षे' या पुस्तकात मांडला.

दुसरी बाजूही आहे. १९३० नंतरच्या मंदीत सरकारी काटकसरीच्या नावाखाली जे.जे. बंदच करण्याची शिफारस झाली. तेव्हा शाळेच्या बाजूने बोलणाऱ्यांत सॉलोमन होते, आणि शाळा वाचली. ती तेव्हा बंद पडली असती तर पुढची पिढी कुठे शिकली असती, सांगता येत नाही.

त्या पिढीतलेच आपले संबानंद मोनप्पा पंडित. जन्म १९१६, गुलबर्गा. पहिले धडे गावातच शंकरराव आळंदकर मास्तरांकडे गिरवले, आणि हे आळंदकर स्वतः जे.जे.चे विद्यार्थी. पुढे मद्रासची पदविका, दंडवतीमठ यांच्या संस्थेशी संबंध असलेलं मुंबईचं शिक्षण, आणि मग जे.जे., तेही सॉलोमन निवृत्तीच्या वाटेवर असताना. पंडितांच्या कॅलेंडरांतले राधाकृष्ण, सिनेमाची पोस्टरं, 'फिल्मइंडिया' मासिकातलं काम आठवून पाहा. विषय पुराणातला, पण खांदा, मान, मनगट अगदी खऱ्या माणसाचं. घरोघरी भिंतीवर टांगलेल्या त्या देवांच्या अंगात जिवंत मॉडेलच्या वर्गाची शिकवण उतरली होती, असं म्हणायला हरकत नाही. उतारवयात पंडित गुलबर्ग्याला परतले आणि १९९३ मध्ये वारले.

सॉलोमन १९३६ ला मुंबई सोडून गेले. त्यांच्या जागी चार्ल्स जेरार्ड आले आणि जे.जे.चं वळण पुन्हा बदललं. युद्ध पाहिलेला हा मास्तर १९६५ मध्ये, वयाच्या ८५ व्या वर्षी वारला.

दिल्लीतली ती चित्रं इतकी वर्षं सरकारी कचेरीच्या आत राहिली, सामान्य माणसाला सहज दिसायची नाहीत. नॉर्थ आणि साऊथ ब्लॉकमध्ये राष्ट्रीय संग्रहालय करण्याची योजना केंद्राने जाहीर केली आहे. ती पुरी झाली, तर जे.जे.च्या त्या मुलांचं काम तिकीट काढून बघता येईल.