स्निग्ध पदार्थांवरील फिर्याद

आहारातील तूप-लोणी-तेल कमी केले की स्त्रियांना स्तनाचा कर्करोग टाळता येतो, हा सिद्धान्त विसाव्या शतकात ज्या दिमाखाने मिरवला, त्या मानाने पुरावा त्याच्या पदरी कधीच नव्हता. १९४२ साली शिकागोच्या टॅनेनबॉम यांनी स्निग्धांश वाढविलेल्या खाद्यावर पोसलेल्या उंदरांत स्तनाच्या गाठी अधिक होतात असे दाखविले. पुढे १९७५ मध्ये कॅनडातील केनेथ कॅरल यांनी देशोदेशींचे दरडोई स्निग्धांश आणि या रोगाचे मृत्यू एकाच आलेखावर मांडले, तेव्हा तळाशी थायलंड-जपान आणि माथ्यावर नेदरलंड-डेन्मार्क अशी मोठी देखणी चढण दिसली. ते आकडे मात्र देशात उपलब्ध झालेल्या मालाचे होते. बायकांच्या ताटात काय पडले याचा दाखला त्यांत नव्हता.

या वादात मुंबईचे दफ्तर फारसे कोणी उघडत नाही, याचे नवल वाटते. इंडियन कॅन्सर सोसायटीने डॉ. जस्सावाला यांच्या पुढाकाराने १९६३ साली सुरू केलेल्या नोंदणीचे कर्मचारी रुग्णालयांतून केसपेपर उतरवून घेत, ते महापालिकेच्या मृत्युनोंदींशी ताडून पाहत, आणि नाव, वय, वस्ती यांबरोबर धर्माचाही रकाना भरीत. त्या रकान्यातून असे निघाले की, हिंदू स्त्रियांत गर्भाशयमुखाचा कर्करोग पुढे असताना त्याच शहरातल्या पारशी स्त्रियांत स्तनाचा पुढे होता. पारशी घरातली अंडी, मटण आणि मस्का पाहून स्निग्धवाद्यांना हर्ष व्हावा हे साहजिकच. परंतु उशिराचे लग्न, बेताची संतती आणि अविवाहित राहण्याची चाल हीही त्याच घरांत नांदत होती, आणि पहिल्या बाळंतपणाच्या वयाचा व मुलांच्या संख्येचा या रोगाशी असलेला संबंध स्निग्धांशाहून कितीतरी पक्का आहे. एकट्या मस्क्यावर ठपका ठेवणे हा उतावीळ निवाडा होय.

खरी तपासणी अमेरिकेत झाली. ऋतुनिवृत्ती झालेल्या ४८,८३५ स्त्रियांपैकी एका गटाला एकूण उष्मांकांत स्निग्धांश २० टक्क्यांवर आणण्यास शिकविले, जे पुष्कळजणींना साधले नाही. २००६ साली निकाल लागला तो सुमारे आठ वर्षांत रोग ९ टक्क्यांनी कमी, म्हणजे योगायोग म्हणून सोडून देता येईल इतकाच. मद्य आणि ऋतुनिवृत्तीनंतर वाढलेले वजन यांच्याविरुद्धची साक्ष याहून भक्कम आहे. मुंबईच्या नोंदीत आज सर्व धर्मांच्या स्त्रिया मिळून स्तनाचाच कर्करोग पहिला आहे, आणि गर्भाशयमुखाचा मागे पडला आहे.