तीन हजार रुपयांचा निवाडा

मे 1953. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. लाकडी पट्ट्या बांधून तिसऱ्या दिवशी त्याला टॅक्सीने पुण्याला आणलं. दोनशे मैल, अकरा-बारा तास. हाड ओढून प्लॅस्टर घातलं. सातपर्यंत मॉर्फियाची गुंगी उतरेल, या भरवशावर वडील दौंडला परतले. रात्री नऊला मुलगा गेला.

वडिलांनी दावा लावला तो 1855 च्या फेटल अ‍ॅक्सिडेंट्स अ‍ॅक्टखाली, कारण तेव्हा रुग्णासाठी वेगळा कायदाच नव्हता. भूल न देता वाजवीपेक्षा जास्त जोर लावला आणि त्या धक्क्याने मृत्यू आला, असं न्यायालयांना पटलं. 'जोशी विरुद्ध गोडबोले' या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1968 मध्ये डॉक्टरची कर्तव्यं मांडली: रोगी हाती घ्यावा का हे ठरवताना, उपचार निवडताना आणि प्रत्यक्ष करताना, तिन्ही वेळी वाजवी काळजी. भरपाई तीन हजार रुपये. मुलाला जाऊन पंधरा वर्षं झाली होती.

पुढे वाट रुंदावली. 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला; 1995 मध्ये पैसे घेऊन केलेला उपचार 'सेवा' ठरला. सर्वोच्च न्यायालयाच्या 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने फौजदारी खटल्यासाठी घोर निष्काळजीपणाची अट घातली, आणि ते योग्यच झालं. 2013 मध्ये कोलकात्यातल्या चुकीच्या उपचारांमुळे ओढवलेल्या एका मृत्यूपोटी सुमारे सहा कोटी रुपये मंजूर झाले.

रकमा वाढल्या, तसा डॉक्टरांना विमा अटळ वाटू लागला. त्याचा हप्ता शेवटी रुग्णाच्या बिलातच येतो, पण मला जास्त खुपते ती पॉलिसीतली नेहमीची अट: कंपनीच्या संमतीशिवाय चूक कबूल करायची नाही. आयसीयूच्या दाराशी आई विचारते, 'काय झालं हो?' सांगावंसं वाटणारा डॉक्टरही गप्प राहतो. ती चूक मग शेजारच्या हॉस्पिटललाही कळत नाही, आणि पुन्हा घडते. भरपाईने घर सावरतं. पुढचा रुग्ण वाचतो तो चूक उघड बोलली गेली तरच.

म्हणून, डॉक्टर गप्प राहिला तरी, केस पेपर मागा. ते नातेवाइकांना नाकारता येत नाहीत, असं मुंबई उच्च न्यायालयाने 1996 मध्येच सांगितलं आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या 2002 च्या नियमांप्रमाणे मागणीनंतर 72 तासांत ते द्यावे लागतात.