‘द इंटरनॅशनल’: धोका पत्करायला लावणारी गोल्फ स्पर्धा बंद का पडली?

ऑगस्ट २००२. अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात एका गोल्फ स्पर्धेची शेवटची फेरी सुरू होती. रिच बीम मोठ्या आघाडीवर होता. स्पर्धा जवळपास संपल्यात जमा होती. तेवढ्यात सतराव्या होलवर स्टीव्ह लोअरीने दुसऱ्याच फटक्यात चेंडू थेट खळग्यात घातला आणि त्याच्या खात्यात एकदम ८ गुण पडले. शेवटी बीम जिंकला, पण फक्त १ गुणाने.

गोल्फमध्ये ‘गुण’ कुठून आले? तिथे तर फटके मोजतात ना? या स्पर्धेचं वेगळेपण नेमकं हेच होतं. तिचं नाव ‘द इंटरनॅशनल’. १९८६ ते २००६ अशी २१ वर्षं ती अमेरिकेच्या पीजीए टूरवर खेळली गेली आणि मग बंद झाली.

सुरुवात कशी झाली?

तेल व्यवसायातले उद्योजक जॅक व्हिकर्स यांनी डेन्व्हर शहराच्या दक्षिणेला, कॅसल रॉक गावाजवळ ‘कॅसल पाइन्स’ हा गोल्फ क्लब उभारला. मैदानाची आखणी महान गोल्फपटू जॅक निकलस यांनी केली. पाइनची झाडं, चढउतार आणि समुद्रसपाटीपासून ६ हजार फुटांहून जास्त उंची. इथली हवा विरळ, त्यामुळे चेंडू नेहमीपेक्षा लांब जातो. पहिलाच होल ६४४ यार्डांचा होता!

या मैदानावर जगभरातले खेळाडू बोलवायचे आणि स्पर्धा चारचौघींसारखी ठेवायची नाही, ही व्हिकर्स यांची कल्पना. १९८६मध्ये केन ग्रीन पहिला विजेता ठरला.

गुणांची भानगड काय होती?

प्रत्येक होल किती फटक्यांत पूर्ण व्हायला हवा, याचा एक आकडा ठरलेला असतो. त्याला ‘पार’ म्हणतात. एक फटका कमी लागला तर बर्डी, दोन कमी लागले तर ईगल, तीन कमी लागले तर अल्बाट्रॉस. एक जास्त लागला तर बोगी. नेहमीच्या स्पर्धेत चार दिवसांचे एकूण फटके मोजतात आणि सर्वांत कमी फटके घेणारा जिंकतो.

‘द इंटरनॅशनल’मध्ये मात्र गुण असे मिळायचे:

- अल्बाट्रॉस: अधिक ८
- ईगल: अधिक ५
- बर्डी: अधिक २
- पार: ०
- बोगी: उणे १
- डबल बोगी किंवा त्याहून वाईट: उणे ३

या पद्धतीचं मूळ इंग्लंडमध्ये आहे. डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांनी १९३०च्या दशकात गुणांवर आधारित गोल्फ रूढ केलं. व्यावसायिक खेळाडूंसाठी त्यात बदल केले, म्हणून हिला ‘मॉडिफाइड स्टेबलफोर्ड’ म्हणतात.

फरक काय पडतो? समजा, एका खेळाडूने १८ होलवर १८ पार केले. दुसऱ्याने ९ बर्डी आणि ९ बोगी केल्या. फटके मोजले तर दोघे बरोबरीत. पण इथे पहिल्याला ० गुण आणि दुसऱ्याला ९! म्हणजे सावध खेळून भागत नाही. चेंडू पाण्यात जाण्याची भीती असली, तरी फटका मारून बघण्यात फायदा असतो.

सुरुवातीच्या वर्षांत आदल्या दिवसाचे गुण पुढे धरलेच जात नसत. १९९३पासून चारही दिवसांचे गुण एकत्र मोजायला लागले.

इथे कोण कोण जिंकलं?

ग्रेग नॉर्मन, होजे मारिया ओलाथाबल, भारतीय वंशाचा फिजीचा विजय सिंग, रेटीफ गूसन ही सगळी मोठी नावं. फिल मिकलसन आणि डेव्हिस लव्ह तिसरा यांनी प्रत्येकी दोनदा बाजी मारली. एर्नी एल्सने २०००मध्ये तब्बल ४८ गुण मिळवले. रिच बीमने तर २००२च्या विजयानंतर दोनच आठवड्यांत टायगर वूड्सला मागे टाकून पीजीए चॅम्पियनशिप जिंकली.

क्लबमधले मिल्कशेकही खेळाडूंमध्ये भलतेच लोकप्रिय होते.

मग बिघडलं कुठे?

एवढी मोठी स्पर्धा तिकिटांच्या पैशांवर चालत नाही. त्यासाठी मोठा प्रायोजक लागतो. नव्वदच्या दशकात ‘स्प्रिंट’ ही दूरसंचार कंपनी पाठीशी होती. ती गेल्यावर तिची जागा भरून काढणारी कंपनी मिळाली नाही.

प्रायोजकाला टीव्हीवर प्रेक्षक हवे असतात आणि त्या काळात टीव्हीवरचं गोल्फ म्हणजे टायगर वूड्स. तो १९९८ आणि १९९९मध्ये इथे खेळला, पुन्हा फिरकला नाही. त्यात ऑगस्टमधल्या दुपारच्या वादळांमुळे खेळ वारंवार थांबायचा.

२००७मध्ये पीजीए टूरने फेडएक्स कप सुरू केला आणि वेळापत्रक बदललं. ‘द इंटरनॅशनल’ ऑगस्टमधून जुलैच्या पहिल्या आठवड्यात ढकलली गेली. प्रायोजक तरीही मिळाला नाही. अखेर फेब्रुवारी २००७मध्ये स्पर्धा बंद करत असल्याचं जाहीर झालं. २००६मध्ये टॉम लेहमनला प्लेऑफमध्ये हरवणारा डीन विल्सन शेवटचा विजेता ठरला. पीजीए टूरवरचा त्याचा हा एकमेव विजय.

रिकामी जागा कोणाला मिळाली?

खुद्द टायगर वूड्सला! जुलैच्या त्याच आठवड्यात वॉशिंग्टनजवळ त्याच्या फाउंडेशनची नवी स्पर्धा सुरू झाली. तिला ‘एटी अँड टी’सारखा बडा प्रायोजक होता. पुढे प्रायोजक बदलले आणि २०१८नंतर तीही बंद पडली. म्हणजे वूड्सचं नाव पाठीशी असूनही प्रायोजकाशिवाय भागलं नाही.

आज काय उरलंय?

गुणांची पद्धत टिकली. २०१२मध्ये नेवाडातल्या रीनो-टाहो ओपनने ती स्वीकारली. हीच स्पर्धा पुढे ‘बॅराकुडा चॅम्पियनशिप’ झाली.

कॅसल पाइन्सवर पीजीए टूर परतायला मात्र २०२४ उजाडावं लागलं. तिथे बीएमडब्ल्यू चॅम्पियनशिप झाली आणि कीगन ब्रॅडली जिंकला. ती स्पर्धा नेहमीच्या पद्धतीने, फटके मोजून खेळली गेली. ज्यांच्या हट्टातून हे मैदान आणि ही स्पर्धा उभी राहिली, ते व्हिकर्स तो दिवस पाहायला नव्हते. २०१८मध्ये त्यांचं निधन झालं होतं.