स्कुटारीची तीन रजिस्टरं

कॅप्टन असताना टायफॉइड होऊन मी एका लष्करी इस्पितळात पडून होतो. रात्रपाळीच्या नर्सिंग ऑफिसर दर चार तासांनी ताप मोजून तक्त्यावर लिहायच्या. एकदा वैतागून विचारलं, “मॅडम, रोज तेच तेच काय लिहिता?” त्या म्हणाल्या, “सर, तेच आहे की नाही, हे लिहिल्याशिवाय कसं कळणार?”

तेव्हा मी हसण्यावारी नेलं. पुढे क्रिमियाच्या युद्धाचा इतिहास वाचताना त्या वाक्याचं मोल कळलं.

४ नोव्हेंबर १८५४ रोजी फ्लॉरेन्स नाइटिंगेल ३८ परिचारिका घेऊन इस्तंबूलसमोरच्या स्कुटारीला पोचल्या. तुर्की बराकीचंच ब्रिटिशांनी इस्पितळ केलं होतं. खाली तुंबलेली गटारं, वर जखमींच्या रांगा. हाती दिवा घेतलेल्या नाइटिंगेलबाई आपल्याला शाळेपासून ठाऊक आहेत. मला आज सांगायचं आहे ते त्यांच्या हातातल्या वहीबद्दल.

त्यांना आढळलं, की मृत्यूंची नोंद तीन वेगवेगळ्या रजिस्टरांत होते आणि तिन्हींचे आकडे जुळत नाहीत. आमच्या पलटणीत हजेरीला एक जवान कमी भरला तरी सगळं खोळंबतं. इथे मेलेल्यांचाच हिशेब लागत नव्हता!

फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीत दर १०० रुग्णांमागे सुमारे ४२ दगावत होते. मार्चमध्ये लंडनहून स्वच्छता आयोग आला. त्याने गटारं उपसली, पाण्याची वाट मोकळी केली, वॉर्डांत हवा खेळती केली. जूनपर्यंत हे प्रमाण सुमारे २ वर आलं.

खरी परीक्षा पुढेच होती. नाइटिंगेलबाईंचा आधी समज होता, की अपुरं अन्न, अपुरे कपडे आणि आघाडीवरून उशिरा येणारे रुग्ण हीच मृत्यूंची मुख्य कारणं. १८५६ मध्ये परतल्यावर संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार यांच्यासोबत त्यांनी आकडे तपासले. चरित्रकार ह्यू स्मॉल यांच्या मते, आपल्याच इस्पितळातल्या घाणीने माणसं मारली, हे त्यांना तेव्हा उमगलं आणि जबर धक्का बसला. सगळ्या अभ्यासकांना स्मॉल यांची मांडणी पटत नाही. पण एवढं नक्की, की त्यांनी ते आकडे लपवले नाहीत. उलट १८५८ मध्ये त्यांची रंगीत चक्राकृती छापली. महिन्याची एक पाकळी. टाळता येण्याजोग्या रोगांचा निळा रंग जखमांच्या लाल रंगाला पार झाकोळून टाकणारा. गोळीपेक्षा गटार घातक, हे मंत्र्यांनाही एका नजरेत दिसलं.

मग त्यांचं लक्ष हिंदुस्थानकडे वळलं. १८५९ मध्ये इथल्या लष्कराच्या आरोग्याविषयी शाही आयोग नेमला गेला. बाई इथे कधीच आल्या नाहीत. छावण्याछावण्यांतून मागवलेल्या उत्तरांवरून त्यांनी चित्र उभं केलं. १८६३ च्या अहवालात इथल्या ब्रिटिश सैनिकांचा मृत्युदर होता वर्षाला हजारी ६९. दहा वर्षांनी त्यांनी तो १८ वर आल्याचं मांडलं. त्याचं सगळं श्रेय एकाच उपायाला देता येणार नाही. पण दर मोजला गेला होता, म्हणून घट दिसली.

‘पुराव्यावर आधारित शुश्रूषा’ हा शब्दप्रयोग १९९० च्या दशकात रूढ झाला. आज परिचारिका संशोधन करतात, कुठली पद्धत खरंच गुणकारी हे तपासतात. त्याचा गाभा मात्र जुनाच आहे: कळकळ हवीच, पण कळकळीने केलेलं कामही मोजायचं. आकडा आपल्या विरुद्ध गेला, तर आकडा नाही, काम बदलायचं.

फौजेत चुकलेल्या कारवाईचा अहवाल लिहिताना माझा हात अडखळलेला आहे. म्हणून सांगतो, स्वतःविरुद्धचा पुरावा स्वतः छापायला वेगळीच हिंमत लागते. पुढच्या वेळी इस्पितळात कुणी सिस्टर तक्ता भरत असतील, तर त्यांना घाई करू नका. जय हिंद.